पडद्यावर शिकवता आले ते, आणि राहून गेले ते

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. रुग्णाला दुरून तपासायला परवानगी मिळाली आणि पाठोपाठ डॉक्टरांचे शिक्षणही दुरून सुरू झाले. कर्करुग्णाच्या हृदयाची काळजी घेणारी कार्डिओ-ऑन्कॉलॉजी ही शाखा तेव्हा नुकती उभी राहत होती. २०२० ते २०२२ या काळाकडे आज मागे वळून पाहिले, तर माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे दिसते. या शाखेच्या शिक्षणाला दोन अंगे आहेत, एक निर्णयाचे आणि दुसरे हाताचे. निर्णयाचे शिक्षण पडद्यावरून अपेक्षेपेक्षा चांगले पोहोचले. हाताचे शिक्षण थांबले. कोविडची साथ ओसरल्यावर आपण पहिल्याच्या यशात दुसऱ्याची तूट विसरून गेलो.

मुळात हे शिक्षण लागते कशाला? डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतले जुने, स्वस्त आणि अजूनही हुकमी औषध. त्याचा एकूण डोस वाढत जातो तसे हृदय निकामी होण्याचे प्रमाणही वाढते. २००३ साली तीन चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून आलेले आकडे बोलके आहेत: शरीराच्या दर चौरस मीटरमागे ४०० मिलिग्रॅमला सुमारे ५ टक्के, ५५०ला २६ टक्के, ७००ला ४८ टक्के. स्तनाच्या कर्करोगात ट्रास्टुझुमॅब आले, तेव्हा २००१च्या प्रसिद्ध चाचणीत डॉक्सोरुबिसिनच्या गटातल्या औषधांबरोबर ते घेणाऱ्या २७ टक्के स्त्रियांच्या हृदयाच्या कामात बिघाड आढळला. डाव्या छातीला रेडिएशन दिले की हृदयालाही त्याचा वाटा जातो. तरीही या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहायला २००९ साल उजाडले, तेही मिलानमध्ये. साथ आली तेव्हा शिकवणारेच मोजके होते.

साथीने या मोजक्यांच्या हातातले रुग्ण आणि विद्यार्थी दोन्ही काढून घेतले. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांनी मार्च ते मे २०२० या महिन्यांची आदल्या वर्षाशी तुलना केली, तेव्हा नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी आणि बाह्यरुग्ण केमोथेरपी ३७ टक्क्यांनी घटलेली दिसली. निवासी डॉक्टर कोविड वॉर्डात गेले. २०२१ची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा सप्टेंबरपर्यंत लांबली, समुपदेशन जानेवारी २०२२मध्ये सुरू झाले आणि नवी तुकडी येईपर्यंत जुन्यांनाच सगळे ओढावे लागले. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणारा रुग्णाच्या अगदी जवळ बराच वेळ बसतो, म्हणून तातडीचे नसलेले इको पुढे ढकलावेत, असा सल्ला तज्ज्ञ संघटनांनी दिला. एरवी ज्याचा इको सहज झाला असता, त्याच्याबाबत आता प्रश्न पडू लागला: याला खरोखर गरज आहे का?

हा प्रश्नच उत्तम शिक्षक ठरला. युरोपातल्या हृदयविकार तज्ज्ञांनी आणि कार्डिओ-ऑन्कॉलॉजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून २०२० सालीच उपचारापूर्वीचा धोका मोजण्याचे तक्ते प्रसिद्ध केले. वय, रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचे काम, आधीचा हृदयविकार, आधीची केमो, छातीवरचे रेडिएशन अशा नोंदींवरून रुग्णाला कमी, मध्यम, जास्त किंवा अतिजास्त धोक्याच्या गटात बसवायचे. हे काम लातूरच्या किंवा अकोल्याच्या डॉक्टरला पडद्यावर शिकवता येते, कारण त्यात हाताळायचे काही नसते, विचार करायचा असतो. सोबत चर्चेला प्रकरणेही मिळत होती. इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला धाप लागली आणि रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाल्याची खूण, वाढले, तर तो कोविड, औषधाने झालेला हृदयस्नायूचा दाह, की सरळ हार्ट अटॅक? औषधाचा दाह क्वचित होतो, पण झाला तर जीव घेऊ शकतो आणि त्यावर मोठ्या डोसात स्टिरॉइड तातडीने द्यावे लागते. अशा प्रकरणावर कर्करोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन एकाच बैठकीत बोलतात, तेव्हा शिकणाऱ्याला तिघांचेही तर्क ऐकायला मिळतात.

आता हाताची बाजू. इकोसाठी रुग्ण डाव्या कुशीवर वळतो, डावा हात डोक्याखाली घेतो आणि प्रोब डाव्या स्तनाच्या खालच्या बाजूला, हृदयाच्या टोकाशी टेकवायचा असतो. डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीत नेमका तिथे व्रण असतो, रेडिएशनने कातडी हुळहुळी झालेली असते, जोर देता येत नाही आणि चित्र धूसर येते. अशा चित्रावर डाव्या जवनिकेची आतली कड आखून इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला ती बाहेर टाकत असलेल्या रक्ताची टक्केवारी, काढायचे. ते १० अंकांनी घसरून ५०च्या खाली गेले तर औषधाचा अपाय धरला जातो. पण साध्या टूडी इकोत दोन मोजण्यांमधला फरकच १० अंकांपर्यंत जाऊ शकतो! म्हणजे शिकाऊ हाताची चूक आणि खरा आजार एकाच मापाचे. ही चूक कमी करायला जाणत्याच्या शेजारी बसून शेकडो इको करण्याखेरीज उपाय नाही. त्या दोन वर्षांत घडलेल्या तुकडीला ती संधी अपुरी मिळाली, आणि परीक्षेच्या निकालात ही तूट उमटत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: जिथे कर्करोगाचे निदानच उशिरा होते, तिथे हृदयाची ही चैन कशाला? आक्षेप मनापासूनचा आहे, पण चुकीचा आहे. हृदयाला सर्वाधिक परिचित धोका महागड्या औषधांचा नाही, गरिबाला मिळणाऱ्या डॉक्सोरुबिसिनचा आहे. त्यावरचा इलाजही, म्हणजे एनालाप्रिल आणि कार्वेडिलॉलसारखी औषधे, स्वस्तच आहे. फक्त वेळ साधावी लागते. मिलानच्याच गटाने २०१०मध्ये दाखवले, की केमोनंतर पहिल्या दोन महिन्यांत हृदयाचा उपचार सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे हृदय पूर्ववत झाले. सहा महिन्यांनंतर सुरू केलेल्यांपैकी एकाचेही पूर्ण सावरले नाही. टाळेबंदीत चुकलेला इको म्हणजे काहींसाठी नेमके हेच महिने होते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. पडद्यावर इतके साधले, तर आता चित्रेही दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवावीत, यंत्राने मोजावीत, हात घडवायचा खटाटोप कशाला? चित्र वाचायला मदत जरूर घ्यावी. पण धूसर चित्र दूरच्या तज्ज्ञालाही धूसरच दिसते आणि यंत्राने आखलेली कडही त्यावर भरकटते. प्रोब कुठे टेकवायचा हे खाटेशेजारचाच माणूस ठरवतो.

म्हणून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि राज्यातल्या कर्करोग विभागांना माझी विनंती आहे. साथीत सुरू झालेल्या एकत्र प्रकरण-चर्चा बंद पडू देऊ नका, त्यांना अभ्यासक्रमात तास द्या. कर्करोगाच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला इको खोलीत ठरावीक महिने पाठवा, आणि त्याने केलेले इको, विशेषतः स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे, त्याच्या लॉगबुकात वरिष्ठांच्या सहीने नोंदवा. २०२० ते २०२२ या काळात शिकलेले डॉक्टर आज सल्लागार म्हणून काम करत आहेत. त्यांच्यासाठी इको खोलीतल्या अशा सरावाची सोय सर्वांत आधी व्हायला हवी.