संस्था एकच, मग कोरोनाचे नियम दोन का?

१८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांचं गाजलेलं भाषण झालं, ती इमारत म्हणजे शिकागोची 'आर्ट इन्स्टिट्यूट'. आज तिथे म्युझियम आहे. याच संस्थेचं कला महाविद्यालयही आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे म्युझियमला कुलूप लागलं, वर्ग ऑनलाइन गेले. मग परत उघडायचं कसं?

म्युझियमचं गणित तुलनेनं सोपं. प्रेक्षक तास-दोन तास यायचा, मास्क लावून, अंतर ठेवून फिरायचा. म्हणून ३० जुलै २०२० ला मर्यादित प्रवेश सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये रुग्ण वाढल्यावर दारं पुन्हा बंद झाली, ती फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडली.

विद्यार्थ्यांचं तसं नाही. कलेचा इतिहास ऑनलाइन शिकता येतो, पण मातीकामाची भट्टी किंवा छपाईयंत्र घरी नेता येत नाही. स्टुडिओत तासन्‌तास थांबावं लागतं, एकच अवजार अनेकांच्या हातात जातं. म्हणून अशा ठिकाणी खेळती हवा, कमी विद्यार्थी आणि पुढे लसीकरण जास्त महत्त्वाचं ठरतं.

आणि सॅनिटायझर? दाराची कडी पुसता येते, चित्र नाही! अल्कोहोलमुळे चित्रावरचं वॉर्निश विरघळू शकतं. त्यामुळे कलाकृतींसाठी जुनाच नियम सगळ्यात सुरक्षित: हात लावू नका.