उभी आरव्हीसुद्धा झिजते

अमेरिकेत आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. शेगडी, फ्रिज, पलंग, न्हाणीघर, सगळं आत. थंडीभर ती झाकून ठेवायची आणि मे महिन्यात मेमोरियल डेच्या सुट्टीला बाहेर काढायची, ही तिथली रीत. ‘सहा महिने जागची हलली नाही, तिला काय होणार?’ हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो. आरव्हीचं बरंच नुकसान उभ्या उभ्याच होतं.

टायरचंच बघा. नक्षी खोल आहे, म्हणजे टायर चांगला, हा हिशेब कारचा. कार रोज पळते, त्यामुळे तिची नक्षी आधी झिजते. आरव्हीच्या टायरचं रबर मात्र ऊन, ओझोन आणि एकाच जागी पडणाऱ्या भारामुळे नक्षी झिजण्याआधीच कडक होतं, भेगाळतं. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पुष्कळदा हे आकडे आतल्या बाजूला असतात. टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावं लागलं तरी वाकाच. दहा वर्षं झालेला टायर कितीही नवा दिसला तरी काढून टाकावा. ट्रेलरचा तर त्याच्या बराच आधी. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा मोजायची. वाटेत तापून दाब वाढला म्हणून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर ती कमी भरते.

‘छप्पर गळलं तर दिसेलच की!’ दिसतं, पण फार उशिरा. झरोके आणि एसीभोवतीचं सीलंट उन्हाने तडकतं, पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि आत डाग उमटेपर्यंत प्लायवूड कुजलेलं असतं. दर तीन महिन्यांनी वर चढून सांधे तपासा. घरातलं उरलेलं सिलिकॉन तिथे थापू नका, त्यावर पुढे दुसरं सीलंट धरत नाही.

थंडीत पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून त्यांत आधीच अँटिफ्रीझ घालतात, पण कारचं अजिबात घालायचं नाही, ते विषारी असतं. आरव्हीसाठीचं गुलाबी वेगळं मिळतं.

सगळ्यांत जास्त काळजी आरव्हीतल्या प्रोपेन गॅसची. ‘गळती झाली तर वास येईल’ यावर विसंबू नका. झोपेत वास जाणवेलच असं नाही आणि वयानुसार नाकही मंदावतं. आपल्या घरच्या एलपीजीसारखाच प्रोपेनही हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून त्याचा डिटेक्टर खाली, पायाशी बसवलेला असतो आणि नेमक्या त्याच्यापुढेच चपला-पिशव्यांचा ढीग लागतो. बटण दाबल्यावर भोंगा वाजला, म्हणजे भोंगा आणि सर्किट ठीक आहे एवढंच कळतं. आतल्या सेन्सरची मुदत संपली का, ते मागे छापलेल्या तारखेवरून बघायचं. बहुतेकांची मुदत पाच ते सात वर्षं असते.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. जनरेटरच्या किंवा हीटरच्या धुरातून तो आत शिरतो. डोकेदुखी, मळमळ ही त्याची लक्षणं प्रवासाचा शीण म्हणून सोडून दिली जातात, ते मला फार भयंकर वाटतं. जनरेटर चालू ठेवून झोपू नका. कोळी आणि गांधीलमाश्या हीटरच्या धुराड्यात घर करतात, त्यामुळे पहिल्यांदा पेटवण्यापूर्वी त्यात डोकावून बघा. कुठलाही डिटेक्टर वाजला, तर विजेच्या एकाही बटणाला हात न लावता आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लांब जाऊन करा.