गाभण म्हशीच्या अंडाशयांचे सोनोग्राफीद्वारे मापन

गाभण म्हशीच्या अंडाशयांचे सोनोग्राफीद्वारे मापन ही पशुप्रजननशास्त्रातील एक तपासणी पद्धती आहे. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने अंडाशयांचा आकार, त्यांवरील पुटकांचा व्यास आणि पीतपिंडाची वाढ तीत मोजली जाते. घोडीच्या प्रजननसंस्थेसाठी हे तंत्र इ.स. १९८०च्या सुमारास वापरात आले; पुढे ते गायीसाठी व नंतर म्हशीसाठी स्वीकारले गेले.

म्हशीच्या बाबतीत या तंत्राची गरज अधिक आहे. तिचे अंडाशय गायीच्या अंडाशयापेक्षा लहान असते आणि त्यातील बीजपुटकांचा जन्मजात साठाही बराच कमी असतो. पीतपिंड अंडाशयात खोल रुतलेला असल्याने पृष्ठभागावर पुरेसा उंचवटा दिसत नाही. त्यामुळे गुदाशयात हात घालून केवळ स्पर्शाने चाचपताना अनुभवी पशुवैद्यकाचीही फसगत होऊ शकते. त्यात म्हशीच्या माजाची बाह्य लक्षणे, विशेषतः उन्हाळ्यात, अंधुक असतात. शेतकरी याला ‘मुका माज’ म्हणतात आणि हा शब्द अगदी नेमका आहे.

== पद्धती ==
म्हशीला खोड्यात उभी करून प्रथम गुदाशयातील शेण काढले जाते. त्यानंतर ५ ते ७.५ मेगाहर्ट्‌झ क्षमतेचा शोधक आत नेऊन गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांवरून अंडाशयांपर्यंत सरकवतात. पुटकांत द्रव असल्यामुळे ती पडद्यावर काळी दिसतात. पीतपिंड करड्या रंगाचा, दाणेदार दिसतो. एकमेकांस काटकोनात असलेले दोन व्यास मोजून त्यांची सरासरी घेतात. काही पीतपिंडांच्या मध्यभागी द्रवाची पोकळी असते. ती विकृती नव्हे. मात्र तिला पुटक समजण्याची चूक होऊ नये म्हणून भोवतालची करडी कड पाहावी लागते.

== गाभणकाळातील बदल ==
म्हशीचे ऋतुचक्र सुमारे २१ दिवसांचे असते. गर्भ राहिला नाही तर या चक्राच्या अखेरीस पीतपिंड आक्रसतो आणि नवे पुटक फुटते. गर्भ राहिल्यास पीतपिंड टिकतो व प्रोजेस्टेरॉन स्रवत राहतो. तो बहुधा गर्भ असलेल्या शिंगाच्या बाजूच्या अंडाशयावर असतो, म्हणून ते अंडाशय दुसऱ्यापेक्षा मोठे भरते. गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळातही पुटकांची वाढ थांबत नाही. ती लाटांनी वाढतात व विरतात, परंतु प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावामुळे बीजमोचन होत नाही. त्यामुळे पडद्यावर मोठे पुटक दिसले एवढ्यावरून म्हैस रिकामी आहे असे मानता येत नाही.

याची उलट बाजू अधिक गंभीर आहे. ऋतुचक्राच्या मध्यातील पीतपिंड आणि गाभणकाळातील पीतपिंड केवळ आकारावरून वेगळे ओळखता येत नाहीत. माज येत नसलेल्या म्हशीला पीतपिंड विरघळवणारे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देण्याची प्रथा आहे. म्हशीत गर्भधारणा प्रामुख्याने पीतपिंडावरच अवलंबून असल्याने, केवळ अंडाशय पाहून असे इंजेक्शन दिल्यास गर्भपात होतो आणि शेतकऱ्याचे एक वेत लांबते. म्हणून अंडाशयाच्या मापाबरोबर गर्भाशयाचे चित्र पाहणे अनिवार्य ठरते. रेतनानंतर सुमारे ३० दिवसांनी तेथे गर्भजल, गर्भ व त्याच्या हृदयाचे ठोके दिसू शकतात.

या पहिल्या दीड महिन्यात म्हशीत गर्भ मरण्याचे प्रमाण लक्षणीय असते. प्रोजेस्टेरॉनची कमतरता हे त्यामागील एक कारण मानले जाते. पीतपिंडाचा व्यास आणि रंगीत डॉप्लरने दिसणारा त्याचा रक्तपुरवठा यांवरून अशा धोक्याचा काहीसा अंदाज बांधता येतो. एकाच मोजमापावर मात्र विसंबू नये. काही दिवसांच्या अंतराने केलेली दोन मापने अधिक बोलकी असतात.

== मर्यादा ==
म्हशीचा गाभणकाळ दहा महिन्यांहून थोडा अधिक असतो. गर्भ वाढू लागला की गर्भाशय उदरपोकळीत खाली उतरते व अंडाशयांनाही पुढे-खाली ओढते. मध्य गाभणकाळानंतर ती हाताच्या टप्प्यात क्वचितच येतात, त्यामुळे हे मापन मुख्यतः पहिल्या काही महिन्यांपुरतेच शक्य होते. महाराष्ट्रात पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी आदी जाती पाळल्या जातात. जात, वय, वेत आणि ऋतू यांनुसार मापे बदलत असल्याने मुऱ्हा म्हशीची मापे त्यांना जशीच्या तशी लावणे योग्य नाही.