दुकानातला बोलका डबा

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धान पिकवणाऱ्या गावांत किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी क्यूआर कोडची पाटी आणि रक्कम मोठ्याने सांगणारा छोटा डबा, म्हणजे साउंडबॉक्स, आता नेहमीचाच झाला आहे. ग्राहकाने कोड स्कॅन करून पिन टाकला की यूपीआय या 2016 साली सुरू झालेल्या व्यवस्थेतून पैसे एका बँक खात्यातून थेट दुसऱ्यात जातात, आणि डब्यातील सिमकार्डाला पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून तसा निरोप मिळाल्यावरच तो बोलतो. त्यामुळे ग्राहकाने मोबाइलवर दाखवलेल्या बनावट स्क्रीनशॉटने त्याला बोलते करता येत नाही. गर्दीच्या वेळी, हात तेलातुपाचे असताना, दुकानदाराला ही सोय फार मोलाची वाटते.

ही सोय फुकट मात्र नाही. कार्डाने पैसे घेताना दुकानदाराच्या रकमेतून जे शुल्क कापले जाते, त्याला एमडीआर म्हणतात. खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर ते जानेवारी 2020 पासून शून्य असल्याने कंपन्या डब्याचे मासिक भाडे आणि दुकानदारांना मिळवून दिलेली कर्जे यांतून कमाई शोधतात. अत्यल्प नफ्यावर चालणाऱ्या दुकानाला हे भाडेही जाणवते, म्हणून डबा घेतानाच त्याचा दर आणि तो परत करण्याच्या अटी स्पष्ट विचारून घेणे दुकानदाराच्या हिताचे ठरते. नेटवर्क गेले तर पैसे जमा होऊनही डबा गप्प राहतो. अशा वेळी खात्यातील नोंदच खरी मानावी.