‘लागलं’ म्हणजे नेमकं काय? मुलांच्या छोट्या जखमांची नावं

मागे माजरीहून एका आईचा फोन आला. ‘डॉक्टर, पोराच्या पायाला जरा खरचटलंय, हळद लावू का?’ मी विचारलं, कशानं? ‘कुत्र्याचं नख लागलं.’ जखम दिसायला साधीच, पण उपचार अगदी वेगळा.

माजरीत कोळशाच्या खाणींमुळे ठिकठिकाणची कुटुंबं आली आहेत. कोणी लचक म्हणतं, कोणी मोच. केसपेपरवर मात्र आम्ही इंग्रजीत लिहितो, आणि तो कागद घरी नेऊन तुम्ही घाबरता. म्हणून हे शब्द ओळखून ठेवा.

‘अब्रेजन’ म्हणजे खरचटणं. वरची कातडी सोलते. वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. कोळशाची धूळ किंवा खडी आत राहिली, तर जखम भरल्यावरही गोंदल्यासारखा काळा डाग राहतो. त्यामुळे मूल रडलं तरी धुण्यात कसर नको.

‘सीएलडब्ल्यू’ वाचून पालक हमखास दचकतात. अर्थ एवढाच की मार बसून कातडी फाटली आहे. पडून हनुवटी किंवा कपाळ फुटतं, ते हेच. विळीनं कापलं तर कडा सरळ असतात आणि आम्ही ‘इन्साइज्ड वूंड’ लिहितो. जखमेचं तोंड उघडं दिसत असेल तर टाके लागू शकतात. त्याच दिवशी या, उद्यावर ढकलू नका.

खिळा किंवा बाभळीचा काटा टोचला की ‘पंक्चर वूंड’. वरून बारीक छिद्र, आत मात्र खोल. हवा न पोचणाऱ्या अशा जागी धनुर्वाताचे जंतू वाढतात. येताना लसीकरणाचं कार्ड आणा. पाच-सहा वर्षांचा बूस्टर आणि 10 व 16 व्या वर्षाची लस झाली आहे का, ते मला बघायचं असतं.

मुका मार म्हणजे ‘कन्ट्यूजन’, टेंगूळ म्हणजे ‘हेमाटोमा’. टेंगळाच्या आकारापेक्षा मूल कसं वागतंय ते बघा. डोक्याला लागल्यावर वारंवार उलट्या, गुंगी, झटके किंवा थोडा वेळ जरी शुद्ध हरपली, तर थेट दवाखाना गाठा.

पाय मुरगळला तर ‘स्प्रेन’. पण मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची मऊ कूर्चा असते आणि बऱ्याचदा सांध्याच्या बंधाआधी तीच दुखावते. मूल पायावर भार देत नसेल तर एक्स-रे काढावा लागतो. चोळणं तर नकोच. (आजीबाईंची नाराजी मी पत्करतो.)

आता कुत्र्याच्या नखाकडे वळू. चावा नसला तरी ओरखडा उठला असेल, तर रक्त न येताही रेबीजची लस लागते. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. मांजर आणि माकड यांचंही असंच. म्हणून फोनवर ‘खरचटलं’ एवढंच सांगू नका. कशानं, कधी आणि रक्त आलं का, तेही सांगा. त्या आईला मी सांगितलं: हळद राहू द्या. पंधरा मिनिटं नळाखाली साबणानं धुवा, आणि पोराला घेऊन आजच लसीसाठी निघा.