ठरली तीच मजुरी रास्त?

मालक आणि कामगार यांनी राजीखुशीने ठरवली, एवढ्यावरून मजुरी रास्त होते का? पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात ‘नाही’ असे उत्तर दिले. पोटासाठी अडलेला माणूस समोर येईल तो आकडा कबूल करतो. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल एवढी मजुरी हा न्याय कोणत्याही करारापेक्षा वरचा, असे त्यांचे म्हणणे. त्याच पत्रकात खासगी मालमत्तेची ठाम पाठराखण आहे आणि समाजवादावर कडक टीकाही. ते पुरते कुणाच्याच पदरात पडत नाही, आणि मला त्याचे बळ तिथेच दिसते.

हा विचार काही रोममध्ये बसून सुचलेला नव्हे. माइन्त्सचे बिशप केटेलर यांनी कामगारांच्या प्रश्नावर १८६४ मध्येच पुस्तक लिहिले होते. १८८९ मध्ये लंडनचे गोदी कामगार तासाला सहा पेन्स मागत संपावर गेले, तेव्हा ऐंशी उलटलेले कार्डिनल मॅनिंग मध्यस्थीला उतरले आणि कामगारांना सहा पेन्स मिळाले.

व्याजाची कथा आणखी जुनी. मध्ययुगीन चर्चच्या लेखी उसन्या पैशावर व्याज घेणे हेच पाप. पण अडीनडीला गरिबाने जायचे कुठे? इटलीत फ्रान्सिस्कन साधूंनी पंधराव्या शतकात तारणपेढ्या काढल्या, आणि पेढीचा खर्च निघेल इतकी अल्प आकारणी चालेल, असा निर्वाळा १५१५ मध्ये चर्चच्या लॅटरन परिषदेने दिला. (आपल्याकडे दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलापुढे जाऊ दिले नाही. वाट निराळी, धास्ती तीच.)

पुढची परिपत्रके भराभर सांगता येतील. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे म्हणाले, खालच्या संस्थेला जमते ते काम वरच्या सत्तेने बळकावू नये. १९६७ मध्ये पॉल सहावे यांनी हाच न्यायाचा प्रश्न श्रीमंत आणि गरीब देशांमध्ये नेला. १९९१ चे जॉन पॉल दुसरे यांचे ‘चेन्तेसिमुस आन्नुस’ मात्र सर्वांत जास्त ओढाताण झालेले. त्यात नफ्याला रास्त जागा आहे, बाजाराच्या कार्यक्षमतेची कबुली आहे. आणि बाजारात ज्यांची विक्रीच होऊ नये अशा गरजा आहेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. बाजारवादी पहिला भाग वाचतात, संघटनावाले दुसरा.

मला या पत्रकांपेक्षा त्यांच्या सावलीत उभी राहिलेली कामे अधिक बोलकी वाटतात. छोटा नागपुरात सावकारीने आदिवासींच्या जमिनी जात होत्या. जेझुइट धर्मगुरू हॉफमन यांनी तिथे १९०९ मध्ये सहकारी पतसंस्था काढली. वसईतली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ ची.

चर्चचा स्वतःचा हिशेब मात्र इतका स्वच्छ नाही. १९८२ मध्ये मिलानची बांको अम्ब्रोसियानो बुडाली, तेव्हा व्हॅटिकनच्या बँकेचे तिच्याशी असलेले व्यवहार उघड झाले. कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता व्हॅटिकनने १९८४ मध्ये धनकोंना सुमारे २४ कोटी डॉलर दिले. अमेरिकेच्या बिशपांनी १९८६ च्या आपल्या पत्रात चर्चही मालकच आहे आणि नियम त्यालाही लागू आहेत, असे लिहिले, ते बरेच झाले.

या सावलीत उभ्या राहिलेल्या कामांतला सर्वांत मोठा प्रयोग स्पेनच्या बास्क प्रांतातला. मोंद्रागॉनमध्ये १९४१ साली आलेले धर्मगुरू आरिझमेंदियारिएता यांनी आधी तंत्रशाळा काढली. तिच्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये उल्गोर हा कारखाना काढला. कामगारच मालक, प्रत्येकाला एक मत. त्यातूनच पुढे आलेली फागोर ही घरगुती उपकरणांची कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मालक असलेल्या बऱ्याच कामगारांना मोंद्रागॉनमधल्या इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतले. पोलंड आणि फ्रान्समधल्या तिच्या कारखान्यांतले कामगार मात्र सभासद नव्हते. ते नुसतेच पगारदार होते, आणि ही सोय त्यांच्यासाठी नव्हती.