जैवविघटनशील पृष्ठक्रियाशील द्रव्यांची रचना : वाघूर नदीच्या संदर्भात एक विवेचन

अजिंठ्याच्या लेण्यांचा कडा ज्या नदीने कोरला, ती वाघूर पावसाळ्यात सातकुंडातून वेगाने कोसळते. हिवाळा सरता सरता तिची बारीक धार उरते आणि उन्हाळ्यात केवळ डबकी. हीच नदी पुढे जळगाव जिल्ह्यातून वाहत जाऊन तापीस मिळते आणि तिच्यावरील धरणातून जळगाव शहरास पाणीपुरवठा होतो. अशा हंगामी नदीत धुण्याभांड्यांचे सांडपाणी आल्यास त्याला सौम्य करण्याइतके पाणी वर्षाचे अनेक महिने नसते. त्यामुळे धुण्याच्या पावडरमधील रेणू किती लवकर आणि कोणत्या परिस्थितीत मोडतो, हा प्रश्न येथे बारमाही नद्यांच्या प्रदेशापेक्षा अधिक निकडीचा ठरतो. उत्तम धुणारा आणि तरीही निसर्गात सहज मोडणारा रेणू कसा घडवावा, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्फॅक्टंट, म्हणजेच पृष्ठक्रियाशील द्रव्य, यांच्या रेणूला पाण्याची ओढ असलेले डोके आणि तेलाची ओढ असलेली कार्बनी शेपटी असते. ठरावीक संहतीनंतर हे रेणू शेपट्या आत वळवून गोलाकार पुंजके करतात व मळ त्यांत सामावून घेतात. विद्युतभारित डोक्याच्या रेणूंत शेपटीला एक कार्बन वाढला की ही आवश्यक संहती सुमारे निम्म्यावर येते. म्हणजे शेपटी लांब तितके द्रव्य कमी लागते. परंतु ती फार लांबली तर रेणू पाण्यात नीट विरघळत नाही. दख्खनच्या खडकांतून येणाऱ्या विहिरींच्या जड पाण्यात तर कॅल्शियमशी संयोग पावून तो साक्याच्या रूपाने खाली बसतो. व्यवहारात 12 कार्बनांच्या आसपास तडजोड होते, ती यामुळेच.

विघटनाचे भवितव्यही बऱ्याच अंशी याच शेपटीत दडलेले आहे. जिवाणू शेपटीच्या टोकापासून दोन-दोन कार्बनांचे तुकडे तोडत जातात. साखळीला फांद्या असल्या की ही क्रिया अडते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेले फांद्यायुक्त अल्किल बेंझिन सल्फोनेट धुण्यास उत्कृष्ट होते; मात्र 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. जर्मनीने 1961 मध्ये केलेला कायदा 1964 पासून अमलात आला, तर अमेरिकी उत्पादकांनी 1965 पर्यंत सरळ साखळीचा रेणू स्वीकारला. दोन्ही रेणूंत कार्बनांची संख्या जवळपास सारखीच. बदलली ती केवळ त्यांची मांडणी. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे रिलायन्सच्या प्रकल्पात तयार होणारा कच्चा माल याच सरळ साखळीच्या रेणूसाठी वापरला जातो.

पुढची पायरी अधिक कल्पक आहे. कपडे मऊ करणाऱ्या द्रव्यांत दोन लांब शेपट्या थेट नायट्रोजनला जोडलेल्या असत. असा रेणू गाळात रेंगाळे. 1990 च्या सुमारास युरोपात शेपटी आणि डोके यांच्यामध्ये एस्टरचा सांधा बसविण्यात आला. मऊपणा टिकला, आणि जलविच्छेदनाने सांधा तुटताच उरलेले भाग जिवाणूंना सहज पचू लागले. अर्थात, जाणूनबुजून ठेवलेला हा कच्चा दुवा अल्कधर्मी पावडरीत डब्यातच तुटण्याचा धोका असतो. म्हणून अशी द्रव्ये आम्लधर्मी द्रावणात ठेवावी लागतात.

‘जैवविघटनशील’ हा शब्द मात्र जपून वाचावा लागतो. जुन्या चाचण्या केवळ पृष्ठक्रिया नाहीशी झाली का, एवढेच पाहत. नोनिलफेनॉल इथॉक्सिलेटची पृष्ठक्रिया अशी नाहीशी होतेही. पण मागे उरणारे नोनिलफेनॉल जलचरांत स्त्रीसंप्रेरकासारखे वागते. युरोपीय संघाने 2005 पासून त्यावर निर्बंध घातले. आजच्या कठोर निकषात 28 दिवसांत किमान 60 टक्के कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर पडावा लागतो. ही चाचणी प्राणवायूयुक्त पाण्यात होते, ही बाब वाघूरसारख्या नदीसाठी कळीची आहे. सरळ साखळीचे बेंझिन सल्फोनेट प्राणवायू असताना झपाट्याने मोडते, परंतु डबक्याच्या तळच्या प्राणवायूविरहित गाळात ते जवळपास तसेच राहते.

अशा ठिकाणी मेदाम्ल-अल्कोहोलचे सल्फेट किंवा ग्लुकोज व मेदाम्ल-अल्कोहोल जोडून केलेली अल्किल पॉलिग्लुकोसाइडे अधिक योग्य. कारण ती प्राणवायूविनाही मोडतात. ग्लुकोसाइडचा सांधा अल्कधर्मी माध्यमात टिकतो, हाही लाभच. अडचण आहे ती किमतीची. आपल्याकडचा रिठाही मूलतः शर्करा आणि तेलप्रिय गाभा यांचाच संयोग होय. तथापि त्यातील सॅपोनिन माशांना घातक असते, तेव्हा वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक हे समीकरण टिकत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अस्मिता प्रभुणे यांच्या गटाने अभ्यासलेली सोफोरोलिपिडे यीस्टकडून, शर्करा आणि तेलापासून तयार करवून घेतली जातात. ती फेस कमी करतात. फेस म्हणजेच स्वच्छता असे मानणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने मात्र हा गुण अद्याप उणेपणाच ठरतो.